गुळाचा खडा आणि श्वासाची नळी

सन दोन हजार तेवीस. माझं वय एकाहत्तर. या वयात माणसाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही असं म्हणणाऱ्यांची मला कीव येते. त्या हिवाळ्यात माझ्या डोक्यात इतकं काही शिरलं की अंथरुणावर पडल्या पडल्या एकट्यालाच हसू फुटायचं, आणि बायको विचारायची, "काय झालंय हो तुम्हाला? दात दिसतायत."

आता परत थंडी पडलीय. सकाळी गॅलरीत उभं राहिलं की पवना नदीकडून गारठा येतो आणि फरशीतून पायात चढतो. गल्लीतली पोरं शाळा सुटली की भंगारवाल्याच्या गाड्यापाशी रेंगाळायला लागलीत. कुणाच्या हातात पाण्याची रिकामी बाटली, कुणाच्या काखेत टीव्हीचा पुठ्ठ्याचा खोका. परवा एक पोरगी सायकलचं चाक डोक्यावर घेऊन चाललेली. मी वरून ओरडलो, "काय करणार गं त्याचं?" "पवनचक्की!" म्हणाली आणि पळाली. झालं. विज्ञान प्रदर्शनाचा हंगाम आला. बाकीच्यांना हिवाळा म्हटलं की हुरडा आठवतो, शेकोटी आठवते. मला फुग्याच्या रबराचा वास आठवतो, गोंदानं चिकटलेली बोटं आठवतात, आणि छाती अशी भरून येते की काय सांगू. छाती का भरते तेही आता मला ठाऊक आहे. पण ते पुढं.

आमच्या थेरगावचा हिवाळा काही चित्रातला नव्हे. पहाटे डांगे चौकात कंपन्यांच्या बस लागतात. त्यांचा धूर वर जातच नाही, माणसांच्या पायांत घुटमळतो. टपरीवर आलं ठेचल्याचा आवाज. कानटोप्या, मफलर, दुचाकीवर बापाच्या पाठीला चिकटून झोपलेली पोरं. या दिवसांत धूळ हलकी होते. उभ्या गाडीच्या काचेवर अशी बसते की बोटानं नाव लिहावं. आणि धूळ हलकी झाली की घराघरात खोकला येतो. आमच्या घरात तो मिलिंदचा असतो. मिलिंद माझा मुलगा. चाकणला एका फाउंड्रीत आहे. लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओततात, ते काम. मीही जन्मभर तेच केलं, भोसरीत. परांड्याकडून वळकटी घेऊन आलो होतो, तिसरी शिकलेला. बापाचं काम लेकानं धरलं याचा मला अभिमान होता आणि आहे. कुणी काही म्हणो.

वितळलेलं लोखंड तुम्ही पाहिलंय का? लोक म्हणतात उगवत्या सूर्यासारखं दिसतं. खोटं. सूर्य लांब असतो. हे तुमच्या समोर हलतं, डचमळतं, त्याच्या उजेडात शेजारच्या माणसाच्या भुवया मोजता येतात. साच्यात पडलं की फटीफटीतून निळ्या ज्योती निघतात आणि जळक्या वाळूचा वास सुटतो. तो वास सुट्टीच्या दिवशीसुद्धा अंगाला यायचा. नंतर साचा फोडायचा, की वाळूचा ढग. त्या ढगात आम्ही उभे. एकमेकांना खोकल्यावरून ओळखायचो.

आणि शिफ्ट सुटली की गूळ. दरवाज्याजवळ पत्र्याचा डबा असायचा. प्रत्येकाला एक खडा. तोंडात टाकायचा, चघळायचा, वर गटागटा पाणी प्यायचं. छातीतली धूळ गुळाला चिकटते आणि पोटात उतरते, असं आम्हाला सांगितलेलं. कुणी सांगितलं? आधीच्यांनी. त्यांना कुणी? त्यांच्या आधीच्यांनी. पुढं गुळाच्या वाटपाचं काम माझ्याकडं आलं. हा मान होता, तो कुणालाही देत नसत. नवीन पोरगं भरती झालं की त्याच्या हातावर खडा ठेवून मी सांगायचो, "खा. छाती साफ राहील." भट्टीनं तापलेल्या तोंडात त्या गुळाची जी चव लागायची, ती मला पुन्हा कुठल्या पेढ्यात लागली नाही.

मिलिंदच्या पिशवीतही गूळ असतो. म्हणून तो खोकला की मी निवांत असायचो. म्हणायचो, निघतीय धूळ.

त्या वर्षी माझी नात यशोधरा सहावीत होती. आम्ही तिला यशू म्हणतो. महापालिकेची शाळा. तिच्या शाळेत पालकांची सभा असली की मीच जातो. मिलिंद शिफ्टला, सूनबाई पिंपरीत कामाला, आणि सभेत पहिल्या रांगेत बसायला मला आवडतं. दिवाळीनंतरच्या सभेत विज्ञानाच्या मॅडम उभ्या राहिल्या. तरुण बाई, आवाज खणखणीत. त्यांनी विचारलं, "पाचवी-सहावी-सातवीच्या मुलांनी विज्ञानात काय शिकावं असं तुम्हाला वाटतं?"

आम्हाला असं कुणी विचारत नसतं. त्यामुळं आधी सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग एक जण म्हणाला, कॉम्प्युटर. मागून एक बाई म्हणाली, "जे परीक्षेत येतं तेच शिकवा मॅडम, उगा वेळ नको." तिला टाळ्या पडल्या. मला राहवेना. मी उठलो.

"मॅडम, ग्रहांची नावं पाठ करून पोरगं काय तिकडं ऱ्हायला जाणार हाय का? पाना धरायला शिकवा. फ्यूज बांधायला शिकवा. गॅसच्या नळीला चीर गेलेली ओळखायला शिकवा. पोटाला लागतं ते शिकवा!"

मला तर जास्तच टाळ्या पडल्या. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "आजोबा, पाना शिकवूच. पण दांडा लांब असला की नट सोपा का सुटतो, ते नाही शिकवलं तर?"

"सुटला म्हणजे झालं की!"

"आणि नाही सुटला तर?"

"तर हातोडा हाय!"

सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावर यशू मैत्रिणींच्या मधे बसलेली, तिनं दप्तरात तोंड घातलं. मॅडमना मात्र राग आला नाही. त्या म्हणाल्या, "यंदा मी वेगळं करणार आहे. ज्वालामुखी, पवनचक्की आहेच. पण माझ्या वर्गातल्या मुलांनी घरातली मोठी माणसं ठासून सांगतात अशी एक गोष्ट आणायची आणि ती तपासून बघायची. खरी निघाली तरी चालेल, खोटी निघाली तरी चालेल. तपासायची मात्र नीट. तुमच्या घरात काय सांगतात, आजोबा?"

मी छातीवर हात मारून म्हणालो, "गूळ! गुळानं छातीतली धूळ निघते. घ्या लिहून. ही खरीच निघणार."

म्हणजे बघा, माझ्या गुळावर प्रयोग करायला मीच सांगितलं. मला कुणी फसवलं नाही.

मग आमच्या दोन खोल्यांचं भंगारचं दुकान झालं. यशूनं बाटल्या आणल्या, फुगे आणले, सलाईनची नवी कोरी नळी औषधाच्या दुकानातून आणली. बाटली बुडाशी कापली. बुचाला भोक पाडून त्यातून नळी आत सोडली, नळीला खाली दोन फाटे केले, दोन्ही फाट्यांना फुगे बांधले. बुडाला एक मोठा फुगा कापून ताणून बसवला. कापायचं काम माझं. कात्री धरायला त्या पोरीला येत नव्हतं. हाताचं काम शिकवा असं मी सभेत म्हणालो होतो ते उगाच नाही. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "आबा, आता खालचं रबर हळू खाली ओढा."

ओढलं. आतले दोन्ही फुगे फुगले.

मी सोडलं. बसले. परत ओढलं. परत फुगले. कुणी फुंकत नव्हतं. बाटलीच्या तोंडाशी मी हात धरून बघितला, पंप नाही, काही नाही. "अगं, हवा कोण भरतंय यात?"

"कुणीच नाही. जागा मोठी झाली की हवा आपोआप आत येते. आपल्या छातीत असंच होतं."

मी खाली बसलो. जन्मभर मला वाटत होतं की हवा आत जाते म्हणून छाती फुगते. ही पोरगी म्हणतेय की छाती फुगते म्हणून हवा आत जाते! मी पोटावर हात ठेवला, श्वास घेतला, सोडला, घेतला. हो की! आधी हाताखाली पोट वर येतंय. लाखो करोडो वेळा घेतलेला श्वास, आणि मी तो उलटा धरून चाललो होतो. मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारली, शेजारच्याला हाक मारली, पुन्हा पुन्हा रबर ओढून दाखवलं, आणि शेवटी ते फाटलं. यशू रडकुंडीला आली. बायको आतून म्हणाली, "आवं, लहान कोण हाय या घरात, एकदा ठरवा."

मी दुसरा फुगा आणून दिला. चांगल्यातला.

खरी वादावादी जेवताना झाली. भाकरी, पिठलं, वर मिरचीचा ठेचा. मी बोलत बोलत घास गिळला आणि ठसका लागला. डोळ्यांत पाणी. बायकोनं पाठीत थापटलं. मी सावरलो तशी यशू म्हणाली, "आबा, ठसका का लागला?"

"घाई केली म्हणून."

"घाई केली म्हणून काय झालं?"

"आडवाटेला गेलं काहीतरी."

"म्हणजे दुसरी वाट आहे ना?" तिचे डोळे असे चमकले, मांजरीला उंदीर दिसावा तसे. "एक नळी जेवणाची, एक श्वासाची. श्वासाच्या नळीत भाकरीचा कण गेला तर तुम्ही एवढे लालबुंद झालात. मग गूळ तिथं जातो कसा? गूळ खाताना रोज ठसका लागायचा का तुम्हाला?"

मिलिंदनं घास हातातच धरलेला. मी पाणी प्यालो. पिताना कुठल्या नळीतून जातंय याकडं माझं लक्ष गेलं. पण मी असा हार मानणारा असतो तर परांड्याहून इथवर आलोच नसतो. मी म्हणालो, "गुळाचा रस रक्तात जातो. रक्त छातीत जातं. तिथून साफ करतो. बोल आता."

"मॅडमना विचारते," म्हणून यशूनं भाकरी मोडली. मी मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात बायको म्हणाली, "दर रविवारी विहारात बसता. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, पारखून घ्या, असं भन्तेजी म्हणाले की सगळ्यांत जोरात मान तुमची हलते. घरी आलं की तुमचंच खरं!"

दुसऱ्या दिवशी यशूनं मॅडमना विचारलं. घरी येऊन मला सांगितलं, "मॅडम म्हणाल्या, तुझे आबा हुशार आहेत. गुळातली साखर रक्तात जाते हे बरोबर. पण साखर आत गेली म्हणून धूळ बाहेर आली असं होत नाही, ते वेगळं दाखवावं लागेल." यातलं 'आबा हुशार आहेत' एवढं मी संध्याकाळपर्यंत गल्लीभर पोचवलं. उरलेल्यावर विचार करायला मला वेळ लागला.

आता शांतपणे विचार केला की वाटतं, ते वयच त्या कामाचं असतं. साच्याची वाळू आम्ही मुठीत दाबून बघायचो. मूठ उघडली की तिचा गोळा टिकला पाहिजे आणि दोन बोटांनी मोडला तर मधोमध स्वच्छ मोडला पाहिजे. कोरडी असली तर मुठीतच सांडते, ओली असली तर लोखंड ओतताना फुटते. पाचवी ते सातवीची पोरं अशी मुठीत बसणाऱ्या वाळूसारखी असतात. त्याआधी सांगितलेलं सांडून जातं. त्यानंतर दहावीची भीती बसते, मग पोरं 'कशावरून?' विचारायचं सोडतात आणि 'किती मार्कांना?' विचारायला लागतात. मधल्या त्या दोन-तीन वर्षांत पोरगं आजोबाच्या तोंडावर विचारतं, ठसका लागायचा का तुम्हाला? तेवढ्यात ते विचारायला शिकवून घ्यावं. मग पुढं ग्रह शिकवा नाहीतर पाना शिकवा, माझं काही म्हणणं नाही.

तर, यशूची पुढची मागणी बापाकडं. "बाबा, एक दिवस पूर्ण शिफ्टभर मास्क घालाल?" कंपनी देते तो जाड, वाटीसारखा मास्क. मिलिंदच्या कपाटात त्यांची चळत पडलेली. तो वैतागला. "करोनात घालून घालून कान तुटायची वेळ आली होती. आणि भट्टीपुढं कोण घालतं गं? आबांनी कधी घातला का?"

घातला नव्हता. आमच्या वेळी कंपनी देई तो आम्ही गळ्यात अडकवायचो. मी एक वाक्य तयार केलं होतं, "मुसकं बैलाला घालतात, माणसाला नव्हे." त्यावर हमखास हशा पिकायचा. मिलिंद ते वाक्य ऐकतच मोठा झाला. यशू म्हणाली, "माझ्यासाठी घाला. प्रोजेक्टला." पोरीला नाही म्हणणारा बाप अजून जन्मायचाय. तिनं पांढऱ्या कापडाचे दोन सारखे तुकडे केले. एक मास्कच्या आतून लावला. दुसरा बापाच्या सदऱ्याला खांद्यावर पिनेनं टोचला. "जेवायच्या सुट्टीशिवाय काढायचा नाही. शपथ."

त्या दिवशी मिलिंद परत येईपर्यंत माझं कशात लक्ष लागेना. गॅलरीतून आत, आतून गॅलरीत. मला वाटत होतं दोन्ही तुकडे सारखेच निघतील आणि मी म्हणेन, बघा. तो आला, खोकतच आला, प्लास्टिकच्या पिशवीतून तुकडे काढून यशूच्या हातात दिले. तिनं पलंगावर वर्तमानपत्र पसरून दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

खांद्यावरचा तुकडा काळा. नुसता मळका नव्हे. काळा, आणि त्यात बारीक काहीतरी चमकत होतं. मास्कच्या आतला तुकडा पांढरा. श्वासानं थोडा दमट झालेला, एवढंच.

सूनबाईनं काळा तुकडा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला. "हे एका दिवसाचं?" तिनं मिलिंदला विचारलं. हात धुवायला गेला आणि तिथं बराच वेळ पाणी वाहत राहिलं.

माझ्या अंगात मात्र वेगळंच भरलं होतं. मी यशूला म्हणालो, "थांब. माझा प्रयोग राहिला." गूळ घेतला, कोमट पाण्यात विरघळवला, काळा तुकडा त्यात बुडवला, चोळला, पिळला. निघू दे धूळ! धूळ निघाली नाही. उलट कापड चिकट झालं, काळं बोटाला लागलं, बोटाचं पातेल्याला, पातेल्याचं बायकोच्या ओट्याला. मग काय काय ऐकून घ्यावं लागलं ते लिहीत नाही. सकाळी बघतो तर त्या कापडाला मुंग्यांची रांग.

"गेला तुझा आबा," मी यशूला म्हणालो. "गूळ हरला."

तर ती पोरगी काय म्हणाली? म्हणाली, "नाही आबा. कापड म्हणजे फुफ्फुस नव्हे. यावरून गूळ हरला असं पक्कं म्हणता येत नाही. मॅडम असं लिहू देणार नाहीत."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. जिंकलेली कुस्ती सोडून देणारा पैलवान मी पाहिला नव्हता.

"मग पक्कं काय म्हणता येतं?"

तिनं पांढऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं. "बाहेर एवढी धूळ होती, ती इथवर पोचली नाही. म्हणजे बाबांच्या तोंडात गेली नाही. एवढंच."

एवढंच! अहो, एवढ्यासाठी माणसं जन्म घालवतात. जेवढं दिसलं तेवढंच बोलायचं, वर मीठमसाला नाही. मला वाटलं धावत जावं आणि त्या मॅडमच्या पाया पडावं. गेलो नाही, कारण त्या माझ्या मुलीच्या वयाच्या. पण वाटलं.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव होता. काय तो गोंधळ! एका टेबलावर ज्वालामुखी फसफसतोय, एकीकडं लिंबाला तारा टोचून दिवा लावायची खटपट, एका पोराची पवनचक्की वाऱ्याविना बंद म्हणून तो स्वतःच गाल फुगवून फुंकतोय. दुसरं एक पोरगं सगळ्यांना अडवून सांगत होतं की त्याची आजी ग्रहणात भाजी चिरू देत नाही आणि त्यानं चिरून बघितली. चिरली गेली, म्हणाला. यशूच्या टेबलावर बाटलीतली छाती, दोन नळ्यांचं चित्र आणि दोन तुकडे. शेजारी मी, इस्त्रीचा सदरा घालून.

आमच्याकडचे पालक म्हणजे सगळे कंपनीवाले. ज्वालामुखीकडं बघून पुढं जायचे, पण काळ्या तुकड्यापाशी पाय थांबायचे. चिखलीचा एक ग्राइंडिंगवाला, लोखंड घासायच्या कामावरचा, वाकून वाकून बघत होता. "जयभीम, आबा. आमच्यातबी गूळ देतात. मग आता खायचा का न्हाई?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. यशूसुद्धा. जन्मभर गूळ वाटलेला माणूस मी. मी म्हणालो, "खा की भावा! गोड लागतो, तरतरी येते. मला अजून आवडतो. पर धूळ आडवायचं काम त्याचं न्हाई. ते याचं." आणि मास्क उचलून दाखवला.

बक्षीस ज्वालामुखीला मिळालं. मी परीक्षकांशी भांडायला निघालो होतो, यशूनं सदरा धरून मागं ओढलं.

संध्याकाळी घरी सगळे खुशीत. सूनबाईनं जिलबी आणलेली. मिलिंदनं जिलबीचा तुकडा मोडला आणि सहज म्हणाला, "चला, झालं प्रोजेक्ट. सुटलो मुसक्यातून."

यशूचा चेहरा उतरला. "बाबा, तुम्ही बघितलं ना पण?"

"बघितलं गं. पटलं पण. पण तिथं एकटा मीच घालणार का? डॉक्टर म्हणून हाका मारतात मला लाईनवर. एक दिवस ठीक होतं." त्यानं माझ्याकडं बघितलं. "आणि आबांनीच शिकवलंय ना, बैलाला घालतात म्हणून?"

तो चिडवत होता. हसत होता. हसता हसता त्याला खोकला आला, आणि तो लवकर थांबेना. यशू उठून त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली, पण तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. तिला पुरावा दाखवता येत होता, तो तिनं दाखवला होता. पुढचं तिच्या हातात नव्हतं. माणसाला पटतं आणि तरी तो करत नाही, हे सहावीच्या पुस्तकात कुठं असतं?

मी आयुष्यात बोललेला शब्द कधी मागं घेतलेला नाही. कामगारांच्या सभेत नाही, भावकीत नाही, बायकोपुढं तर नाहीच. मी म्हणालो, "मला झोप आलीय," आणि उठलो. झोप कसली येतीय? कुशी बदलत राहिलो. सांगणाऱ्यानं आम्हाला चूक सांगितलं होतं, मी ते पुढं सांगितलं, यात माझं काय गेलं? वाक्य तर चांगलं होतं, लोक हसायचे. पण खोकल्याचा आवाज भिंतीपलीकडून येत होता, आणि आता मला दिसत होतं आत काय होतंय ते. खालचं रबर वर ढकललं जातंय, फुगे दाबले जातायत, हवा काहीतरी बाहेर काढायला बघतीय. न शिकलेल्याला नुसता आवाज ऐकू येतो. शिकलं की आतलं दिसायला लागतं. विज्ञान शिकवून पोरांचं काय होतं असं कुणी विचारलं तर मी हे सांगेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिंदच्या आधी उठलो. त्याच्या कपाटातल्या चळतीतला एक मास्क घेतला, आरशापुढं उभं राहून नीट बसवला. मिशा आत कोंबाव्या लागल्या. वर मफलर, हातात काठी, आणि निघालो डांगे चौकात. चाकणच्या बसची माणसं जमलेली, तोंडातून वाफा निघतायत, हातात चहाचे ग्लास. मला सगळे ओळखतात. एक जण ओरडला, "काय राव आबा, करोना परत आला व्हय?"

"न्हाई. शिकतोय."

"या वयात? आणि मुसकं बैलाला म्हणायचा की तुमी!"

"म्हणायचो. तवा मला दोन नळ्या ठाव नव्हत्या." ते हसले. मी हसू दिलं. मग विचारलं, "तुला ठसका लागतो का रं? का लागतो, सांग." तो गडबडला. बाकीचे गोळा झाले. मी मास्कातूनच सांगायला लागलो, ठसका, दोन नळ्या, बाटली, काळा तुकडा, पांढरा तुकडा. आवाज दबलेला येत होता म्हणून अजून जोरात सांगितलं. बस आली तरी माझं संपेना. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी दारात काठी आडवी धरली आणि म्हणालो, "ऐकल्याबिगर कुणी चढायचं न्हाई!" मिलिंद कधी येऊन मागं उभा राहिला होता कळलं नाही. तो माझ्या हाताखालून वाकून आत चढला.

बस चौकातून वळली तेव्हा खिडकीत तो दिसला. मास्कच्या वाटीवर त्याचे फक्त डोळे दिसत होते.

मी काठी वर करून हलवली. मग घरी निघालो, पण नेहमीच्या वाटेनं नाही. लांबून, सगळ्या बाजारातून, मास्क तसाच ठेवून, भेटेल त्याला थांबवत गेलो.